पंचवीस ओहम आणि एक माफीपत्र

नेटवर्क म्हणजे काय हे मी पहिल्यांदा शिकवलं, तेव्हा माझ्याकडे नेटवर्क नव्हतं.

जळगावच्या एका उच्च माध्यमिक शाळेच्या व्यावसायिक विभागात मी इलेक्ट्रॉनिक्स शिकवत असे. नव्वदीचं दशक नुकतं सुरू झालं होतं. विभागात संगणक चार, त्यातला एक कायम दुरुस्तीला. अभ्यासक्रमात ‘संगणकांचे जाळे’ असा धडा आला. मी खडूने फळ्यावर चार चौकोन काढले आणि ते एका रेघेने जोडले. मुलांनी चौकोन वहीत उतरवून घेतले आणि सहामाहीला तसेच काढले. मी पैकीच्या पैकी गुण दिले आणि पेपर बाजूला ठेवताना मला माझीच लाज वाटली.

लाज वाटायला कारण होतं. त्या तासाला भटू नावाच्या मुलाने विचारलं होतं, “मॅडम, हाई रेघ म्हणजे काय शे?” भटू शिंदखेड्याकडचा, जळगावात बहिणीकडे राहून शिकणारा. शाळेत तो नीट प्रमाण मराठी बोलायचा, पण गोंधळला की त्याची अहिराणी बाहेर यायची.

“केबल,” मी म्हटलं.

“कशी ऱ्हास ती?” ती दिसायला कशी असते, हे त्याला हवं होतं.

मला सांगता आलं नाही. मी स्वतः ती कधी हातात धरली नव्हती.

गावाबाहेर औद्योगिक वसाहतीत पाइप बनवणारा एक मोठा कारखाना होता. तिथे ऑफिस, गोदाम आणि गेटजवळचा वजनकाटा एकाच जाळ्यात जोडलेत, असं ऐकून होते. मी चौकशी करत तिथल्या संगणक विभागाच्या प्रमुखांपर्यंत पोहोचले. जोगळेकर त्यांचं नाव, पुण्याकडचे, नेटके आणि तुटक बोलणारे. पहिल्या वेळी ते भेटलेच नाहीत. दुसऱ्या वेळी भेटले आणि म्हणाले, “मॅडम, हे आमचं कामाचं जाळं आहे, प्रयोगशाळा नव्हे.” तिसऱ्या आणि चौथ्या वेळी त्यांनी चहा पाजला आणि तेच वाक्य पुन्हा ऐकवलं. पाचव्या वेळी मी प्रश्न बदलला.

“साहेब, कनेक्टर सैल झाला तर दुरुस्तीला कोण येतं?”

“पुण्याहून माणूस येतो.”

“किती दिवसांनी?”

ते मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, “कधी तीन, कधी पाच.”

“माझी मुलं सायकलवर येतील,” मी म्हटलं.

असं आमचं सुरू झालं. सहा विद्यार्थी, दर शनिवारी दुपारी ऑफिसचं काम आटोपल्यावर, त्यांच्या माणसाच्या देखरेखीखाली. कारखान्याने शिकू द्यायचं, मुलांनी केबल आणि कनेक्टर तपासून ठेवायचे. शाळा आणि कारखाना यांच्यात दोन कागदांचा करार झाला. मुख्याध्यापकांनी सही करताना विचारलं, “यात मुली दोन आहेत. चालेल ना?” मी म्हटलं, “कनेक्टरला काही फरक पडत नाही, सर.”

त्या दोघींपैकी सुरेखा बोदवडची. रोज गाडीने यायची. अक्षर मोत्यासारखं, हात स्थिर. दुसरी रजिया, नशिराबादची. तिचे वडील हनीफभाई रिक्षांचे हूड आणि सीटा शिवायचे. परवानगीच्या कागदावर सही करण्याआधी ते स्वतः शाळेत आले.

“मॅडम, पाइपच्या कारखान्यात मुलगी काय करणार?”

मी त्यांच्या हातात केबलचा वीतभर तुकडा ठेवला. तोपर्यंत माझ्याकडे तो आला होता. त्यांनी अंगठ्याने काळं आवरण चाचपलं, कापलेल्या टोकातून आत पाहिलं.

“वर रेक्झिन, खाली जाळी, मग अस्तर, आणि मधे एकच तार,” ते म्हणाले. “काम नाजूक आहे. माझ्यापेक्षा तिचा हात बरा आहे.” आणि सही केली.

बाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगते. तेव्हाचं जाळं आजच्यासारखं नव्हतं. एकच लांब केबल एका संगणकाकडून दुसऱ्याकडे, तिथून तिसऱ्याकडे अशी जायची. प्रत्येक संगणकामागे इंग्रजी टी अक्षरासारखा एक जोड असे; केबलच्या तुकड्यांना बसवलेले धातूचे कनेक्टर त्यात अडकत. केबलच्या दोन्ही टोकांना बोटाच्या पेराएवढी टोपणं लावलेली असत. त्या प्रत्येक टोपणात पन्नास ओहमचा रोध. ही टोपणं नसली तर संदेश टोकावर आपटून उलटा फिरतो आणि सगळा गोंगाट होतो. या रचनेचा मोठा दोष असा, की केबल कुठेही तुटली तर एकच संगणक बंद पडत नसे, सगळे बंद पडत. आणि कुठे तुटली ते कुणीच सांगत नसे.

पण शोधायची एक सोपी रीत होती. सगळे संगणक बंद करायचे, एखाद्या जोडावर मल्टीमीटर लावायचा आणि रोधाचा आकडा वाचायचा. दोन्ही टोकांची टोपणं मीटरला दिसत असतील तर समांतर जोडलेले पन्नास आणि पन्नास मिळून निम्मे, म्हणजे पंचवीस दिसतात. पन्नास दिसले, तर एका बाजूला तार तुटलेली आहे. जवळजवळ शून्य दिसलं, तर जाळीचा एखादा केस आतल्या तारेला चिकटलाय. मी मुलांना पहिल्या दिवसापासून एकच गोष्ट बजावत असे: आधी मोजा, मग बोला.

पहिले तीन महिने झकास गेले. मुलं कनेक्टर बसवायला शिकली, वाया घालवायला शिकली, पुन्हा बसवायला शिकली. जोगळेकर साहेब शनिवारी घरी जाण्याआधी दारात पाच मिनिटं उभे राहून बघू लागले. एकदा त्यांनी सुरेखाने बसवलेला कनेक्टर ओढून पाहिला, तो निघाला नाही, तेव्हा “हं,” असं म्हणाले. त्यांच्या बाबतीत ती शाबासकी होती.

मग फेब्रुवारीतल्या एका शनिवारी मुलांनी ऑफिसमधले दोन जुने कनेक्टर बदलले. सोमवारी सकाळी कारखान्याचं जाळं बंद पडलं.

पाच मिनिटांनी आपोआप सुरू झालं. दुपारी पुन्हा बंद. मंगळवारी तीनदा. पुण्याचा माणूस या वेळी रातोरात आला, त्याने मुलांनी बसवलेले दोन्ही कनेक्टर कापून नवे बसवले आणि निघून गेला. बुधवारी जाळं पुन्हा बंद. पण तोपर्यंत सगळ्यांच्या मनात एकच गोष्ट पक्की झाली होती. जोगळेकर साहेबांनी मला बोलावून घेतलं.

“मॅडम, तुमची मुलं हात लावेपर्यंत हे कधी झालं नव्हतं. वरून मला विचारणा होतेय. मी काय सांगू?”

मी त्या खुर्चीत बसले आणि माझ्या डोळ्यांपुढे फक्त करार दिसत होता. तो मोडला की पुन्हा खडू आणि चौकोन. पाच फेऱ्या, तीन महिने, सगळं मातीत. मला वाटलं, आपण नमतं घेतलं तर साहेब थोडे दिवस थांबवतील आणि पुन्हा सुरू करतील. त्यांच्याच टेबलावर मी एक पत्र लिहिलं. ‘आमच्या विद्यार्थ्यांच्या हातून अनवधानाने चूक झाली असावी, त्याबद्दल दिलगीर आहोत.’ खाली सहाही नावं. त्याखाली माझी सही.

मी काहीही मोजलं नव्हतं.

पत्राची प्रत शाळेत गेली. मुख्याध्यापकांनी नियमाप्रमाणे सहाही पालकांना कळवलं. दुसऱ्या दिवशी मी मुलांना सांगितलं, की महिनाभर शनिवार बंद, पुढचं पुढे पाहू. पाच जण खाली मान घालून बसले. भटू पुटपुटला, “आम्हनी चूक नही शे, मॅडम.” रजिया उभी राहिली.

“मॅडम, मीटरवर काय आलं?”

“काय?”

“तुम्ही चूक झाली असं लिहून दिलंत. मग मोजलं असेल ना? पन्नास आलं की शून्य?”

मी म्हटलं, “बस खाली.” ती बसली. तीस वर्षांच्या नोकरीत मला इतकं नेमकं कुणी पकडलं नाही.

शुक्रवारी कारखान्याचे प्रवेशाचे पास परत करायचे होते. मी रजियाला सोबत घेतलं. का घेतलं ते तेव्हा मला स्पष्ट नव्हतं; बहुधा तिच्याशी एकटीशी बोलायचं होतं आणि वाटेत शब्द सुचतील असं वाटत होतं. सुचले नाहीत. गेटवरचा सुरक्षा अधिकारी जेवायला गेला होता, म्हणून आम्ही शेजारच्या वजनकाट्याच्या केबिनमध्ये थांबलो.

काट्यावर महाजन नाना होते. साठीच्या जवळ आलेले, चष्म्याला दोरी लावलेली. येणारी प्रत्येक मालमोटार काट्यावर उभी राहायची, नाना तिचं वजन संगणकात टाकायचे आणि पावती छापून द्यायचे.

एक गाडी आली. पोत्यांनी भरलेली, ठेंगणी, टायर दबलेले. नानांनी कळफलकावर दोन बोटं मारली आणि हात मागे घेतला. पडदा थिजला होता. त्यांनी शांतपणे खणातून कार्बनचं पावती-पुस्तक काढलं आणि हाताने लिहायला लागले.

“नाना, हे असं रोज होतं का?” रजियाने विचारलं.

“हां बेटा, आठवडा झाला.”

“कधी कधी होतं?”

“पावडरची गाडी आली का होतं.” नानांनी पावती फाडून ड्रायव्हरला दिली. पाइप ज्या पावडरपासून बनतो तिची पोती बाहेरगावाहून यायची. उन्हाळ्याच्या मागणीसाठी त्या गाड्या त्याच आठवड्यापासून वाढल्या होत्या. “पाइपाची गाडी दिसायला डोंगर, पण वजनाला काहीच नाही. ती गेली तर याला काही होत नाही. ही जड गाडी आली का याला झोप लागते, मग पाच मिनिटं उठत नाही.”

“तुम्ही हे साहेबांना सांगितलं?” मी विचारलं.

“मला कोणी विचारलं नाही, मॅडम.”

रजियाने हात पुढे केला. “नाना, पुस्तक बघू?”

नाना ज्या ज्या वेळी हाताने लिहीत, त्या त्या वेळी जाळं बंद असे. म्हणजे बंद पडण्याची नोंद आपोआप त्या पुस्तकात झाली होती. तिने एकेक पान उलटलं. सोमवारपासूनच्या हातपावत्या सगळ्या पावडरच्या गाड्यांच्या. अपवाद एक. तिने त्या पानावर बोट ठेवलं. नानांनी चष्मा वर केला. “ती? ती लोखंडाची. तीही जडच.”

ती उठून बाहेर गेली आणि रस्त्यावर उकिडवी बसली. ऑफिसकडून काट्याकडे येणारी केबल एका पाइपातून रस्त्याखालून जात होती. गाडी काट्यावर चढण्याआधी तिची पुढची चाकं बरोबर त्या जागेवरून जात. गेटवरचा माणूस ओरडला, “ए मुली, बाजूला हो!” ती बाजूला झाली, पण नजर तिथेच.

आत येऊन ती मला म्हणाली, “मॅडम, आता तरी मोजू या.”

मी पास परत केले नाहीत. तशीच जोगळेकर साहेबांकडे गेले.

“अर्धा तास द्या, साहेब. जेवणाच्या सुट्टीत. सगळे संगणक बंद करून फक्त मोजायचं.”

“मॅडम, तुम्ही लेखी माफी दिली आहे. आता काय मोजायचं राहिलंय?”

“ती माफी चुकीची होती. चूक माझी. मी न मोजता लिहिलं.”

ते शेवटी घड्याळाकडे पाहून म्हणाले, “उद्या. साडेबारा ते एक.”

दुसऱ्या दिवशी मी मल्टीमीटर, भटू आणि रजिया यांना घेऊन गेले. सगळे संगणक बंद झाले. भटूने काट्याच्या केबिनमधल्या जोडावर मीटरच्या सुया धरल्या. पंचवीस. जोगळेकर साहेब वाकून बघत होते.

“बरोबर आहे की,” ते म्हणाले.

“थांबा, साहेब,” रजिया म्हणाली आणि खिडकीतून हात केला.

नानांनी पावडरची एक गाडी आधीच गेटवर थांबवून ठेवली होती. ती हळूहळू आत आली. पुढची चाकं रस्त्याखालच्या पाइपावर आली आणि मीटरवरचा आकडा थरथरला. चाळीस, सत्तावीस, मग एकदम पन्नास. तिथेच थांबला.

“पन्नास!” भटू ओरडला. “मॅडम, पन्नास शे!”

म्हणजे काट्याजवळचं टोपण मीटरला दिसत होतं, ऑफिसकडचं दिसेनासं झालं होतं. मधे तार सुटली होती आणि ती कुठे सुटली हे ती गाडी आपल्या वजनाने दाखवत उभी होती. साहेबांनी गाडी मागे घ्यायला लावली. आकडा पंचवीसवर आला. पुन्हा पुढे. पन्नास. हे त्यांनी चार वेळा करायला लावलं. ड्रायव्हर वैतागला.

रविवारी रस्ता खोदला. पाइप कापल्यावर आत केबलला जोड निघाला. मूळ काम करणाऱ्या ठेकेदाराच्या माणसांना केबल कमी पडली असावी. त्यांनी दोन तुकड्यांच्या तारा एकमेकींना पिळल्या, वर काळी टेप गुंडाळली आणि सगळं पाइपात ढकलून दिलं होतं. हलक्या आणि तुरळक जड गाड्यांनी ते निभावलं, जड गाड्यांची रीघ लागल्यावर नाही.

जोगळेकर साहेबांनी तो तुकडा हातात घेतला. “अखंड केबल आहे असं मी तपासून लिहून दिलं होतं,” ते म्हणाले. “तपासलं नव्हतं.” आवाज खाली होता, पण सगळ्यांना ऐकू गेला. तुटक बोलणाऱ्या त्या माणसाबद्दल मला त्या दिवसापासून आदर वाटायला लागला.

शनिवार पुन्हा सुरू झाले. साहेबांनी नवं पत्र दिलं, त्यात मुलांचा काही दोष नाही असं स्वच्छ लिहिलं होतं. ते पत्र घेऊन मी बोदवडला गेले, कारण त्या आठवड्यात सुरेखा शाळेत आलीच नव्हती.

स्टेशनपासून चालत तिच्या घरी पोहोचले. तिचे वडील ओट्यावर बसले होते. त्यांनी पत्र वाचलं, नीट घडी घालून मला परत दिलं.

“मॅडम, हे चांगलं झालं. पण पहिल्या कागदावर तिचं नाव होतं आणि खाली तुमची सही होती. आमच्या घरात म्हटलं गेलं, की बाईच लिहून देताहेत म्हणजे काहीतरी असेल.”

“चूक माझी होती, आबा.”

“असंल. पण तिला मामाकडे पाठवलं. साखरपुडा ठरलाय.”

मी बरंच बोलले. परीक्षेपुरतं तरी पाठवा म्हटलं. अर्ज मी भरते म्हटलं. ते सगळं ऐकून घेत राहिले आणि मान हलवत राहिले. सुरेखाची आई आतून पाणी घेऊन आली, तांब्या माझ्यापुढे ठेवला आणि आत गेली. सुरेखा परत आली नाही. त्या सहा जणांत सगळ्यात स्थिर हात तिचा होता. मी चांगली शिक्षिका होते असं लोक म्हणतात तेव्हा मला तो ओटा आठवतो. त्यानंतर मी न पाहता, न तपासता कुठल्याही कागदावर सही केली नाही. पण त्याने तिचं वर्ष काही परत आलं नाही.

जूनमध्ये कारखान्याने दोन शिकाऊ उमेदवारांच्या जागा काढल्या. जोगळेकर साहेबांनी दोन नावं लिहून पाठवली: भटू आणि आणखी एक मुलगा. मी कागद घेऊन त्यांच्यासमोर जाऊन बसले.

“रजियाचं नाव नाही.”

“मॅडम, व्यवस्थापनाचं म्हणणं आहे की तांत्रिक विभागात मुलगी... गोदामात जावं लागतं, शिडीवर चढावं लागतं.”

“ती तुमच्या रस्त्यावर उकिडवी बसली होती. शिडीही चढेल.”

“मला मान्य आहे. वर मान्य नाही.”

“मग मला वर जाऊ द्या.”

मी वर गेले. तीन वेळा गेले. दर वेळी मला बाहेरच्या बाकावर बसवण्यात आलं आणि दर वेळी मी बसले. भटूला हे कळलं तेव्हा तो येऊन म्हणाला, “मॅडम, माझं नाव मागे घ्या, तिचं टाका.” मी त्याला रागावले. त्याची जागा त्याने मिळवली होती; ती सोडायची नव्हती, तिची आणखी एक हवी होती. तिसऱ्या खेपेला मोठ्या साहेबांनी आत बोलावलं. मी फार काही बोलले नाही. जोगळेकर साहेबांकडून मागून आणलेला टेपवाला तुकडा टेबलावर ठेवला आणि तो कुणी शोधला ते सांगितलं. जागा तीन झाल्या.

रजियाने तिथे तीन वर्षं काम केलं. मग लग्न होऊन धुळ्याला गेली आणि तिथल्या एका मुलींच्या शाळेत संगणकाची शिक्षिका झाली. हे मला उशिरा कळलं, तेही योगायोगाने. प्रात्यक्षिक परीक्षेला बाहेरची परीक्षक म्हणून मला धुळ्याला पाठवलं आणि दारात ती उभी होती. तिने धुळ्यातल्या एका डाळमिलच्या ऑफिसशी आमच्यासारखाच करार केला होता. “किती फेऱ्या मारल्यास?” मी विचारलं. “मोजल्या नाहीत,” ती म्हणाली आणि हसली.

परीक्षेला अकरा मुली होत्या. काम साधं: केबल सोलायची, कनेक्टर बसवायचा, मीटरने तपासायचा. दहा जणींचं झालं. अकरावी एक किरकोळ अंगाची मुलगी, तिचे तीन कनेक्टर वाया गेले. वेळ संपली. तिचे डोळे भरले होते, पण हात चालूच होते. मला वाईट वाटलं. रीत तिला कळली होती, हात फक्त घाबरला होता. मी रजियाला बाजूला घेऊन म्हटलं, “हिला काठावर काढते.”

“नको, मॅडम,” ती म्हणाली. “जे झालं नाही ते झालं असं लिहू नका.”

“वर्ष जाईल तिचं.”

“ऑक्टोबरात पुन्हा परीक्षा आहे. मी बसवते तिला. रोज बसवते.”

मी त्या मुलीला सांगितलं की ती या वेळी नापास आहे. ती रडेल असं वाटलं होतं. तिने नाक पुसलं आणि विचारलं, “मॅडम, अजून एक कनेक्टर मिळेल?”

मी माझ्या पिशवीतून दिला. बाकीच्या मुली घरी गेल्या. शिपाई खोली बंद करायला येऊन उभा राहिला, रजियाने त्याला हाताने थांबवलं. मुलीने केबल सोलली. जाळीचा प्रत्येक केस मागे वळवला. पिन बसवली, चिमटा दाबला. सुया लावल्या आणि मीटर माझ्याकडे वळवून धरला.

बरोबर होतं. मी तसं तिला सांगितलं.

गुणपत्रकावर मात्र मी नापासच लिहिलं, आणि सही केली.